ठिपका जुना की नवा

बाळा, एका खोलीची कल्पना कर. कल्याण पूर्वेला, चाळीच्या पहिल्या मजल्यावरची खोली. दुपार आहे. शाळा सकाळची, त्यामुळे तू घरी आहेस, एकटी. दाराला आतून कडी लावलीय, कारण आईने तसं बजावलंय. ताटात वरणभात आहे, निम्मा खाल्लेला, निम्मा सुकत चाललेला. टेबलावर फोन चार्जिंगला लावलाय. घरचा फोन. म्हणजे बाबांचा जुना, काचेला कोपऱ्यात तडा गेलेला, आता कुणा एकाचा नाही म्हणून सगळ्यांचा. तो वाजतो. नंबर ओळखीचा नाही. तू काय करशील? थांब, लगेच सांगू नकोस. घाईने दिलेलं उत्तर बहुतेक वेळा आपलं नसतं, कुणीतरी आपल्याकडून पाठ करून घेतलेलं असतं. तुझ्या जागी सहावीतली प्रीती बसली आहे असं समज, आणि तिच्या मनात काय काय झालं ते माझ्याबरोबर बघ.

प्रीतीने फोन उचलला तेव्हा तिच्या बोटांना भात चिकटलेला होता. तिकडून एका तरुण माणसाचा आवाज आला. “हॅलो, प्रीती का? मी डॉक्टर मुकुल बोलतोय. ठाण्याहून, हॉस्पिटलमधून. घरात मोठं कुणी आहे का बाळा?”  घरात मोठं कुणी आहे का असं कुणी विचारलं, तर काय सांगायचं हे घरात ठरलेलं होतं, आणि ते तिच्या तोंडून आपोआप बाहेर पडलं. “बाबा अंघोळीला गेलेत.” “मग त्यांना जरा हाक मार ना. फार घाईचं आहे.” आता आली का पंचाईत? नसलेल्या बाबांना नसलेल्या अंघोळीतून कसं बोलवायचं?  तो माणूस तर थांबेना. तो भरभर बोलत होता. तुझी आई, नीला सोनावणे, इथे ठाण्यात बाळकुमला पाळणाघरात काम करतात ना, तिथे त्या पडल्या, तिथल्या रजिस्टरमधून तुझं नाव आणि हा नंबर मिळाला, त्यांना इथे आणलंय, मेंदूकडे रक्त नेणारी एक नस बंद झालीय असं दिसतंय, मागच्या वर्षी कल्याणला त्यांचा सीटी स्कॅन झाला होता तो मला आत्ता बघायला हवा, तो क्लाउडवर आहे, आमच्या कॉम्प्युटरवर नाव दिसतंय, पण उघडायला तुमच्याकडची परवानगी लागते. “तुझ्या या फोनवर एक कोड येईल. तो फक्त वाचून दाखव.” तो हे बोलत असतानाच फोन तिच्या कानाला लागून थरथरला, एखादा किडा कानाशी फडफडावा तसा. मेसेज आला होता. प्रीतीने फोन कट केला.

तिने मेसेज उघडून पाहिला. एका मोठ्या ओळीत आकडे होते आणि त्याच्याखाली लिहिलं होतं, हा कोड कुणालाही सांगू नका. कुणालाही. तिने तो शब्द दोनदा वाचला. शाळेच्या मैदानात पोलीसबाई आल्या होत्या तेव्हा त्यांनीही हेच सांगितलं होतं. माइक कुईं कुईं करत होता, ऊन पायांना चटके देत होतं, आणि त्या म्हणाल्या होत्या, मुलांनो, समोरचा माणूस गोड बोलेल, तुमचं नाव घेईल, आईचं नाव घेईल, आई पडली म्हणेल, बाबांना पोलिसांनी धरलं म्हणेल, आणि घाई करेल. घाई ही त्याची खूण. मग सगळ्या मुलांनी एका सुरात ओरडून सांगितलं होतं की आम्ही ओटीपी देणार नाही. प्रीतीचा आवाज त्यात सगळ्यात वर होता. आणि चाळीत तर जगनकाका होतेच. शेवटच्या खोलीतले. त्यांनी कुणाला तरी असेच आकडे वाचून दाखवले होते आणि खात्यातले सगळे पैसे गेले होते. त्यानंतर ते उंबऱ्यात बसायचे ते डोक्यावरून टॉवेल घेऊन, जाणाऱ्या-येणाऱ्याला आपलं तोंड दिसू नये म्हणून. प्रीतीला त्या टॉवेलची फार भीती वाटायची. माणूस आत असून दिसत नाही, अशी ती भीती. त्याच आठवड्यात आईने तिला कुशीत घेऊन एक शब्द ठरवला होता. “कुणी म्हणालं ना की मला तुझ्या आईने पाठवलंय, तर त्याला शब्द विचारायचा. खरंच मी पाठवलं असेल तर मी त्याला सांगितलेला असेल. नाही सांगता आला तर दार नाही उघडायचं, काही नाही द्यायचं. मग तो देव असला तरी.” शब्द होता ‘चिंचोके’. दोघी खूप हसल्या होत्या.

तिने आईला फोन लावला. वाजत राहिला. तिला माहीत होतं, पाळणाघरात सगळ्या बायका आपले फोन कपाटावर ठेवतात, मुलांचा हात पोहोचू नये म्हणून. म्हणजे आई फोन उचलत नाही याचा अर्थ आई आजारी आहे असा होत नाही. पण ती बरी आहे असाही होत नाही. त्याचा अर्थ एवढाच, की कुठेतरी एका कपाटावर फोन थरथरतोय आणि खाली लहान मुलं झोपलीत. तिने बाबांना लावला. बाबा अंबरनाथच्या कंपनीत. आत शिरताना फोन गेटवरच्या खणात ठेवावा लागतो, संध्याकाळी सुटताना परत मिळतो. तोही वाजत राहिला. दोन्ही फोन वाजले, दोन्ही ठिकाणी माणूस फोनपासून लांब. प्रीतीला वाटलं, आपण एका भिंतीवर थापा मारतोय आणि भिंतीच्या पलीकडे सगळे आहेत, फक्त त्यांना ऐकू जात नाही. हात धुवायला हवेत, असं तिच्या मनात आलं. ती मोरीत गेली, पाणी सोडलं, आणि हात धुवायचे सोडून नुसतीच पाण्याकडे बघत राहिली.

स्कॅन झाला होता हे खरं होतं. ते तिला माहीत होतं, कारण ती बरोबर गेली होती. मागच्या वर्षी आईचं डोकं सारखं दुखायचं. कल्याणच्या त्या सेंटरमध्ये एसी इतका होता की प्रीतीचे दात वाजत होते. काचेतून तिने पाहिलं होतं, एक पांढरी, जाडजूड, पोकळ चकती, आणि तिच्यात आईचं डोकं हळूहळू सरकत गेलेलं. काचेकडे फक्त तळवे दिसत होते. तळव्यांना भेगा होत्या. तिला वाटलं होतं, आता चकती आईचं डोकं परत देणारच नाही. नंतर काउंटरवरच्या मुलीने विचारलं, मोबाइल नंबर? आणि आईने घरचा नंबर दिला. आई सगळीकडे घरचाच नंबर द्यायची, गॅसवाल्याला, शाळेत, दुकानात. आपला नंबर कामाच्या वेळी कुणी वाजवू नये म्हणून. आणि घरच्या फोनवर तिने नेटही ठेवलं नव्हतं, पोरगी बघत बसेल म्हणून. “फिल्म कधी मिळेल?” आईने विचारलं. “फिल्म नाही देत आता ताई. क्लाउडवर असतं सगळं. कुठल्याही डॉक्टरला दाखवायचं असेल तर तुम्हाला कोड येईल, तो द्यायचा, की त्यांना तिकडे दिसणार.” आईला ते काही पटलं नव्हतं. हातात काही आलं नाही तर मग काढलं कशाला, असं ती जिन्यावरून उतरताना पुटपुटली होती. कारण आजोबांच्या वेळी तसं नव्हतं. धोंडिबाआजोबांच्या छातीच्या काळ्या फिल्मा एका कापडी पिशवीत असायच्या. आजोबा ती पिशवी मांडीवर उभी धरून बसायचे, वाकू नये म्हणून, आणि एका दवाखान्यातून दुसऱ्या दवाखान्यात न्यायचे. घरी आले की प्रीती एकेक फिल्म खिडकीशी धरायची. आजोबांच्या फासळ्यांमधून समोरच्या इमारतीची वाळत घातलेली धुणी दिसायची. ती फिल्म दाखवायला कुणाची परवानगी लागत नव्हती. पिशवी ज्याच्या हातात, छाती त्याच्या हातात.

दारावर थाप पडली आणि ती दचकली. “आगो प्रीती, नळ का चालू ठेवलास गो? पाणी चाललाय फुकट.” शेजारच्या आवडाबाई. चाळीतली सगळी मुलं त्यांना आजी म्हणायची. माहेर बाळकुमचं, कोळ्यांच्यातलं. आवाज असा की समोरच्या इमारतीत पोहोचावा. प्रीतीने कडी काढली. कडी काढू नये हा नियम होता, पण आजी नियमात बसत नव्हत्या. तिने एका दमात सगळं सांगितलं. आजींनी कमरेवर हात ठेवले. “मेल्यांचा धंदाच हाय ह्यो. परवा माझ्या भाच्याला पन आलावता. तुजी आई सकाळी माझ्यासमोरून गेली. मला म्हनते, आजी, बाजारातून येताना कोळीम मासळी आना. पडतेय कशाला? फोन आला ना परत, तर माझ्याकडं दे. मी बघतंय त्याच्याकडं.”

आणि फोन आलाच. आजींनी तो हातात घेऊन तोंडासमोर आडवा धरला, जणू त्यातून वाफ येतेय. प्रीतीने स्पीकर लावून दिला. “कोन रे तू?” “मी डॉक्टर मुकुल…” “डॉक्टर हायेस तर डॉक्टरकी कर. पोरींना कशाला फोन करतंस? बाळकुमला पाळनाघर हाय म्हनतंस ना? मग सांग, बाळकुमचा देऊळ रस्त्याच्या कुठल्या अंगाला हाय?” “आजी, मी नाशिकचा आहे हो. मला बाळकुम नाही माहीत. मी हॉस्पिटलच्या बाहेरच कधी पडत नाही.” “बघ!” आजी प्रीतीकडे वळून म्हणाल्या. “कायच ठाऊक नाय त्याला.” पण प्रीतीच्या मनात ते वेगळंच लागलं. चोर असता तर त्याने देऊळ कुठेतरी सांगितलं असतं, डाव्या नाही तर उजव्या. हा माहीत नाही म्हणाला. तिने फोन आजींच्या हातून घेतला. “शब्द सांगा,” ती म्हणाली. “कसला शब्द?” “आईने तुम्हाला शब्द सांगितला असेल. तो सांगा.”  मग तो माणूस हळू बोलला, आधीपेक्षा खूप हळू. “बाळा, तुझी आई बोलू शकत नाहीये. तेच तर झालंय तिला.”

ऐक, इथे जरा श्वास घेऊ. प्रीतीने नाही घेतला, पण आपण घेऊ. कारण डॉक्टरने तिला पुढे जे सांगितलं ते नीट समजायला हवं. त्याने तिला विचारलं, तू कितवीत आहेस. सहावीत म्हटल्यावर तो म्हणाला, मग तुला कळेल. आईच्या मेंदूतल्या एका नळीत रक्ताची गुठळी अडकलीय. त्यामुळे तिचा उजवा हात हलत नाही आणि शब्द येत नाहीत. गुठळी विरघळवायचं औषध इथे तयार आहे. लवकर दिलं तर उपयोग, उशीर झाला तर नाही. पण आत्ताच्या स्कॅनमध्ये आईच्या डोक्यात एक बारीक पांढरा ठिपकाही दिसतोय. तो जुना असेल, एखादा खड्यासारखा, वर्षानुवर्षं तिथे बसलेला, तर काही बिघडत नाही, औषध देता येईल. पण तो नवा असेल तर ते रक्त असू शकतं. वाहतं रक्त. त्यावर हे औषध दिलं तर… तो थांबला. प्रीतीने ते वाक्य स्वतःच पूर्ण केलं, मनात. “दोन्ही पांढरेच दिसतात,” डॉक्टर म्हणाला. “जुनं चित्र शेजारी ठेवल्याशिवाय सांगता येत नाही. कल्याणच्या सेंटरला फोन लावतोय, दुपारची सुट्टी आहे, कुणी उचलत नाही. चित्र इथेच आहे प्रीती, माझ्यासमोर, फक्त कुलूप आहे.”

खरं असेल तर खरं, असं तिला वाटलं, आणि त्याच क्षणी हेही वाटलं की चोरसुद्धा असंच सांगेल. ती काय विचारणार होती? तिच्याजवळ जो एक प्रश्न होता, त्याचं उत्तर देणाऱ्या आईकडे आता शब्दच नव्हते. आईने कुलूप लावलं होतं आणि किल्ली आईच्याच आत अडकली होती. “आईला फोन द्या,” ती म्हणाली. खुर्ची सरकल्याचा आवाज आला. चाकांचा आवाज. कुणीतरी म्हणालं, वायर बघा, वायर. मग जवळून, अगदी कानात, श्वास. मग आवाज. “त… तत… तत…” तो आवाज आईचा होता का? प्रीतीने डोळे घट्ट मिटले. आईचा आवाज म्हणजे हाका मारणारा, रागावणारा, भाजीवाल्याशी भांडणारा. शब्द काढून घेतल्यावर आईचा आवाज कसा लागतो हे तिने कधी ऐकलंच नव्हतं. कुठल्याही बाईचा असू शकला असता. “कोनतरी बसवलीय बाई,” आजी कुजबुजल्या, पण आता त्यांच्याही आवाजातला जोर गेला होता. “आई?” “तत… त…” “आई, मी आहे.” “तत.” आणि मग रडण्यासारखं काहीतरी.

प्रीतीला बोलायला काहीच सुचेना. आणि काहीच सुचत नाही तेव्हा त्या घरात एकच गोष्ट केली जायची. वीज गेली की, ताप चढला की, आजोबा गेले त्या दुपारी माणसं येईपर्यंत. एरवीही रोज संध्याकाळी, मेणबत्ती लावून. ती बुद्धवंदना म्हणू लागली. फोन गालाशी धरायचा म्हणून एकच हात छातीशी.  आईची परीक्षा घ्यावी असं तिच्या मनातही नव्हतं, हे मला तुला मुद्दाम सांगायचंय. ती घाबरली होती एवढंच. त्रिसरण तीन वेळा म्हणतात, पहिलं नुसतं, दुसरं ‘दुतियम्पि’ने सुरू होतं, तिसरं ‘ततियम्पि’ने. पहिल्याच्या मध्यावर तिकडून एक आवाज तिच्या आवाजाला येऊन टेकला. लडबडणारा, अर्धा तोंडात राहिलेला, पण शब्दांचा. तत-तत करणाऱ्या त्या तोंडातून पूर्ण शब्द येत होते, एकामागून एक, उतारावरून पाणी यावं तसे. बोलायचे शब्द हरवले, तरी रोजचं पाठ असलेलं कधी कधी तसंच उरतं. प्रीतीचे डोळे उघडले. ती थांबली नाही, थांबायची तिला भीती वाटली. दुसरं झालं. आणि दुसरं संपतं न संपतं तोच तिकडच्या आवाजाने श्वास न घेता तिसरं सुरू केलं. प्रीतीच्या आधी. रोज संध्याकाळी आई हेच करायची. गॅसवर कुकर असायचा, तिला घाई असायची, दोन्हींमधला श्वास ती गिळून टाकायची, बाबा आणि प्रीती मागे राहायचे, आणि बाबा डोळे न उघडता म्हणायचे, नीला, तुझी गाडी सुटतेय का? जगात कुणाला हे माहीत नव्हतं. ते माहीत करून घेण्यासारखं काही नव्हतंच.

“माझी आई आहे ती,” प्रीती म्हणाली. आजी खाली बसल्या, उंबऱ्यातच. प्रीतीने मेसेज उघडला आणि आकडे वाचले. एकेक, शाळेत हजेरी घ्यावी तसे. तिकडे कळफलकाची टकटक झाली. मग डॉक्टर म्हणाला, “अरे यार.” मग, “नाही नाही, तुझं नाही चुकलं. त्याची वेळ संपली. मी परत मागवतो. नवा येईल.” वेळ संपली. म्हणजे ती मोरीत नळाकडे बघत उभी होती तेव्हा वेळ संपत होती. आजी देऊळ विचारत होत्या तेव्हा संपत होती. प्रीती पडद्याकडे बघत राहिली. काही येईना. तडा गेलेल्या कोपऱ्यात नेटवर्कची एक काडी उभी होती, मध्येच तीही पडत होती. ती गॅलरीत धावली. तिथे वाळत घातलेल्या पापडांवरून उडी मारली. फोन डोक्याच्या वर धरला, स्पीकर चालू. तिकडे एक दुसरा, मोठ्या माणसाचा आवाज आला, मागून. “मुकुल, किती वेळ? ठरवावं लागेल आता.” मग मुकुलचा, घाईचा, “प्रीती, मागच्या वर्षी त्या स्कॅनमध्ये काय निघालं होतं? घरात काय बोलले होते?” “काही नाही निघालं,” प्रीतीने सांगितलं. “आई म्हणाली काही नाही. बाबापण म्हणाले.” “नक्की?” “हो.” आणि तिने ऐकलं, तो तोंड वळवून म्हणाला, “सर, घरचे म्हणतात आधीचा नॉर्मल होता.” मोठा आवाज म्हणाला, “म्हणजे हा ठिपका नवा. मग नाही देता येणार.”

ऊन लख्ख होतं. खाली कुणीतरी मोटारसायकल धूत होतं. नाही देता येणार. प्रीतीला पहिल्यांदा वाटलं की ही माणसं आपल्याला काही विचारत नव्हती, ती नुसतीच बोलत होती, आणि मग कळलं की नाही, त्यांनी विचारलं होतं आणि तिने उत्तर दिलं होतं, आणि त्या उत्तरावर आता काहीतरी ठरत होतं. तिने काय सांगितलं होतं? काही नाही निघालं. पण ते तिला कुठून माहीत? जिन्यावर तिने विचारलं होतं, काय आलं गं? आणि आई म्हणाली होती, काही नाही. आजोबांच्या फिल्मा खिडकीशी धरून तिने विचारलं होतं, हे पांढरं काय? आणि बाबा म्हणाले होते, काही नाही, दे इकडे. आजोबा त्याच महिन्यात गेले. रात्री आई-बाबा हळू बोलायचे आणि तिने मान वर केली की म्हणायचे, काही नाही, झोप. मोठ्यांचं ‘काही नाही’ म्हणजे तिथे काही नसतं असं नाही. तिथे काय आहे ते तुला सांगणार नाही, एवढाच त्याचा अर्थ. ते तिला आतून नेहमीच माहीत होतं, पण माहीत आहे हे माहीत नव्हतं. आणि आत्ता तिने तेच ‘काही नाही’ डॉक्टरांना उचलून दिलं होतं, खरं म्हणून.

“थांबा!” ती इतक्या जोरात ओरडली की मोटारसायकलवाल्याने वर पाहिलं. “डॉक्टर, थांबा. मला माहीत नाही. मी बघितलेलं नाही. मला फक्त तसं सांगितलंय. मी लहान आहे म्हणून सांगितलं असेल. तुम्ही चित्र बघा. चित्र बघितल्याशिवाय काही ठरवू नका.”  मग मोठा आवाज, जवळ आलेला, “काय म्हणतेय ती?” “सर, म्हणतेय की तिला खात्री नाही. चित्र बघा म्हणतेय.” “बरोबर आहे तिचं. परत मागव कोड.” फोन तिच्या हातात थरथरला. आकडे. खाली तेच वाक्य, कुणालाही सांगू नका. तिने ते आकडे गॅलरीत उभं राहून, सगळ्या चाळीला ऐकू जातील असे वाचले. जगनकाका आपल्या दारात उभे होते, डोक्यावर टॉवेल नव्हता, ते तिच्याकडे बघत होते. “परत एकदा सांग, सावकाश,” डॉक्टर म्हणाला. तिने परत सांगितले.

“उघडतंय,” तो म्हणाला. मग काहीच नाही. मग, “येतंय. मोठं असतं ना चित्र, हळूहळू येतं.” प्रीती डोळे मिटून बघत होती. कल्याणच्या त्या थंड खोलीत चकतीने आईचं डोकं पातळ पातळ कापून ठेवलं होतं, पावाच्या लादीसारखं, आणि ते काप गेलं वर्षभर कुठेतरी कुणीही न बघता पडून होते. आता ते एकेक करून ठाण्याच्या एका पडद्यावर येत होते. त्यातल्या एकात पांढरा ठिपका असायला हवा होता. आपल्या आईच्या डोक्यात ठिपका असू दे, अशी प्रार्थना कुणी मुलगी करेल का? प्रीती करत होती. असू दे. जुना असू दे. आधीपासून असू दे. मला कुणी सांगितलेला नसला तरी चालेल. आजींनी मागून येऊन तिच्या खांद्यावर हात ठेवला होता. “वरचा बघ,” मोठा आवाज. “अजून एक वर. थांब. मागे घे.” आणि मग बराच वेळ नुसता पंख्याचा आवाज. “आहे,” मुकुल म्हणाला. “सर, आहे. तिथेच. तेवढाच.” “तसूभरही फरक नाही,” मोठा आवाज म्हणाला. “जुना आहे. चला, औषध चालू करा.” एकदम खूप पावलांचे आवाज आले.

“प्रीती, ऐकतेस ना? ठिपका जुना आहे. औषध देतोय.” “मग आई बोलेल?” डॉक्टरने लगेच उत्तर दिलं नाही, आणि त्यासाठी प्रीतीला तो आवडला. “मला माहीत नाही,” तो म्हणाला. “बोलेल असं वाटतंय. आज बोलेल की उद्या, की हळूहळू, ते नाही सांगता येत. उशीर झाला नाही, एवढं सांगतो. तुझे बाबा अंघोळ करून आले का?” “बाबा कंपनीत आहेत. मी खोटं बोलले.” “मग त्यांना घेऊन ये. मोठ्या कुणाला बरोबर घे.”

आजींनी तोवर चपला घातल्या होत्या. जगनकाकांनी रिक्षा थांबवून ठेवली होती, आणि कुणी न सांगता ते पुढे ड्रायव्हरजवळ जाऊन बसले होते. विठ्ठलवाडी, उल्हासनगर, अंबरनाथ, सगळा रस्ता प्रीती फोन दोन्ही हातांत धरून बसली होती. आजी मध्येच म्हणायच्या, “बाबाला एकदम नको सांगू गो पोरी. आई जरा बरी नाय, एवढाच सांग. मान्सा घाबरतान.” प्रीती बाहेर बघत होती. कंपनीच्या गेटवर वॉचमनने आधी नाही म्हटलं, मग जगनकाका त्याच्याशी काहीतरी बोलले, मग त्याने आत फोन केला. बाबा आले ते हात पुसत, निळ्या कपड्यांत, लांबूनच तिला ओळखून चालण्याचा वेग वाढवत. “काय गं? तू इथे? काय झालं?” आजींनी तोंड उघडलं होतं. पण प्रीती पुढे झाली आणि बाबांचा तेलकट हात धरून म्हणाली, “बाबा, आईच्या डोक्यात रक्ताची गुठळी अडकलीय. तिचा उजवा हात हलत नाही आणि तिला बोलता येत नाही. तिला औषध दिलंय. ती बोलेल की नाही ते डॉक्टरांना अजून माहीत नाही. आपल्याला ठाण्याला जायचंय.” बाबांचा चेहरा पांढरा पडला. प्रीतीने तो पूर्ण पाहिला, नजर न काढता, आणि हात न सोडता त्यांना रिक्षाकडे घेऊन गेली.